ॲडमिन मेनू, मेकॅनो आणि रंगनाथन

गेल्या वर्षी मी आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची वेबसाइट करून दिली. पैसे घेतले नाहीत, कारण शाळेत असताना उन्हाळ्याच्या सुट्ट्या मी तिथेच काढल्या होत्या. वर्डप्रेसवर साइट उभी केली, आत थोडं स्वतःचं कोड लिहिलं आणि ॲडमिन पॅनेल एकदम व्यवस्थित लावलं. व्यवस्थित म्हणजे माझ्या मते. डावीकडच्या मेनूत एकूण तेवीस नोंदी होत्या आणि डेटाबेसमध्ये जसे टेबल, तशीच त्यांची रचना होती.

दोन महिन्यांनी गेलो तर ग्रंथपाल मॅडमच्या टेबलावर एक शंभर पानी वही दिसली. त्यात त्यांनी माझं ॲडमिन पॅनेल पाठांतरासारखं उतरवून काढलं होतं. सुट्टीची सूचना लावायची तर वरून सातवं, त्यातलं तिसरं, मग निळं बटण. शब्द कुठेच नाहीत, नुसते आकडे. कारण मेनूतल्या शब्दांवरून त्यांना काहीच कळत नव्हतं. मग एका प्लगिनचं अपडेट आलं, त्यानं मेनूत वरच एक नवी नोंद घुसवली आणि सातव्याचं आठवं झालं. मॅडमनी वहीप्रमाणे सगळं केलं. गणपतीच्या सुट्टीची सूचना काही लागली नाही. सुट्टीच्या दिवशी शेजारच्या गावांमधून एसटीनं आलेली माणसं कुलूप बघून परत गेली.

मी ओशाळून त्यांना मेनू पुन्हा समजावून सांगायला लागलो. त्या शांतपणे ऐकत होत्या. माझं झाल्यावर त्यांनी भिंतीवरच्या एका फोटोकडे बोट दाखवलं आणि विचारलं की तुमच्या इंजिनिअरिंगच्या कॉलेजात हे कधी शिकवत नाहीत का. फोटो शियाली रामामृत रंगनाथन यांचा होता. दरवर्षी १२ ऑगस्टला, त्यांच्या जयंतीला, देशभर ग्रंथपाल दिन होतो. आमच्या कॉलेजातही त्या दिवशी या फोटोला हार घातलेला मी बघितला होता. पण हा माणूस कोण, हे चार वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

मग वाचायला घेतलं आणि लक्षात आलं की मेनू कसा लावावा हा प्रश्न या माणसानं आयुष्यभर सोडवला. फक्त त्याचा मेनू लाकडी फळ्यांचा होता.

रंगनाथन यांचा जन्म १८९२ चा, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या शियाली गावचा. आता त्या गावाला सीर्काळी म्हणतात. सहा वर्षांचे असताना वडील गेले. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात गणित शिकले, एम.ए. झाले. मंगलोर, कोईमतूर आणि मग मद्रासचं प्रेसिडेन्सी कॉलेज अशा ठिकाणी गणित शिकवलं. बोलताना अडखळायचे, तरी शिकवण्यात रमलेले होते. पगार मात्र बेताचा.

अशात मद्रास विद्यापीठाला पहिला ग्रंथपाल हवा होता आणि या पदाला पगार चांगला होता. जवळजवळ नऊशे अर्ज आले, पण ग्रंथालयाचं शिक्षण घेतलेला एकही उमेदवार नव्हता. रंगनाथन यांच्याकडे गणितातले थोडे शोधनिबंध होते आणि निवड समितीला संशोधन केलेला माणूस पाहिजे होता. मुलाखतीच्या आधी त्यांनी एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिकामधला ग्रंथालयावरचा लेख वाचला. या विषयातली त्यांची एकूण तयारी तेवढीच. जानेवारी १९२४ मध्ये ते ग्रंथपाल झाले.

आणि काही आठवड्यांतच वैतागले. चारचौघांत शिकवणारा माणूस, त्याला एका खोलीत पुस्तकांबरोबर बसवलेलं. ते विद्यापीठाकडे गेले आणि मला परत शिकवू द्या म्हणाले. तोडगा असा निघाला की आधी लंडनला जाऊन तिथली ग्रंथालयं बघून या, त्यानंतरही नको वाटलं तर गणिताची नोकरी तुमचीच. (ऑनबोर्डिंगच्या पहिल्या महिन्यात राजीनामा टाइप करून ठेवलेल्या सगळ्यांना हा प्रसंग ओळखीचा वाटेल.)

लंडनला त्यांनी युनिव्हर्सिटी कॉलेजच्या ग्रंथालय विभागात नाव घातलं. परीक्षेतले गुण साधारणच होते. पण तिथे डब्ल्यू. सी. बरविक सेयर्स नावाचे शिक्षक भेटले. ते क्रॉयडनच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे प्रमुख होते. त्यांच्यामुळे रंगनाथन यांनी एकामागून एक ग्रंथालयं पालथी घातली आणि दोन गोष्टी त्यांच्या नजरेत भरल्या.

पहिली म्हणजे उघडी फडताळं. तेव्हा आपल्याकडे रीत अशी होती की पुस्तकं कुलपात, वाचक काउंटरच्या अलीकडे. चिठ्ठीवर पुस्तकाचं नाव लिहायचं, शिपाई आत जाऊन आणणार. म्हणजे तुम्हाला काय पाहिजे त्याचं नेमकं नाव आधीच माहीत असायला हवं. इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी वाचक सरळ फळ्यांमध्ये फिरत होते, पुस्तक चाळून परत ठेवत होते. आपल्या भाषेत सांगायचं तर चिठ्ठी म्हणजे सर्च बॉक्स आणि उघडं फडताळ म्हणजे मेनू. जुन्या वापरकर्त्याला सर्च पुरतो, त्याला नावं पाठ असतात. नव्या माणसाला नावच माहीत नसतं, त्याला समोर बघून ओळखायचं असतं. म्हणून ॲडमिन पॅनेलमध्ये सर्च आहे ना, मग मेनू कसाही असला तरी चालेल, असं कुणी म्हणालं तर ते १९२४ च्या मद्रासच्या काउंटरमागे उभे आहेत असं समजावं.

पण फडताळं उघडी केली की दुसरा प्रश्न येतो, पुस्तकं लावायची कोणत्या क्रमानं? तेव्हा जगभर चलती होती ती मेल्विल ड्यूई यांच्या दशांश पद्धतीची, १८७६ ची. तिच्यात ज्ञानाचे दहा भाग, प्रत्येकाचे पुन्हा दहा, असे तयार कप्पे असतात. पुस्तक आलं की त्याचा कप्पा शोधायचा. अडचण अशी की पुस्तकं कप्पे विचारून लिहिली जात नाहीत. भारतातल्या क्षयरोगावरच्या क्ष-किरण उपचारांचं पुस्तक कुठे ठेवणार? भारतात, क्षयात, की क्ष-किरणांत?

या प्रश्नाचं उत्तर त्यांना सेल्फ्रिजेस नावाच्या मोठ्या दुकानात सापडलं, असं सांगितलं जातं. तिथे विक्रेता मेकॅनोचा खेळ मांडून दाखवत होता. त्याच त्या भोकं पाडलेल्या पट्ट्या, चाकं आणि नटबोल्ट, पण जोडणी बदलली की दर वेळी वेगळं खेळणं तयार. गणिताच्या मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. तयार खेळण्यांची यादी कशाला करायची? सुट्या भागांची यादी करू आणि प्रत्येक पुस्तकाचा क्रमांक जोडून बनवू. बोल्टच्या जागी त्यांनी विरामचिन्ह घेतलं, दोन टिंबांचं कोलन. यातून कोलन वर्गीकरण जन्माला आलं. १९२५ मध्ये बोटीनं परत येताना त्यांनी बोटीवरच्या ग्रंथालयातली पुस्तकंसुद्धा आपल्या पद्धतीनं लावून पाहिली. चालू सिस्टिमवर थेट टेस्टिंग! गणिताच्या नोकरीवर ते परत गेले नाहीत.

पुढची वीस वर्षं मद्रास. फडताळं उघडी झाली. वाचकाला हवं ते शोधून द्यायला मदतीला माणूस बसायला लागला. १९२८ मध्ये मद्रास ग्रंथालय संघ सुरू झाला. त्याच वर्षी पहिली पत्नी रुक्मिणी अपघातात गेल्या; पुढच्या वर्षी शारदा यांच्याशी लग्न झालं. रजा म्हणून कधी घेतली नाही असं त्यांच्याबद्दल सांगतात. मला हे कौतुकानं सांगावंसं वाटत नाही, पण तो माणूस तसाच होता. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांचं पुस्तक आलं, १९३३ मध्ये कोलन वर्गीकरणाची पहिली आवृत्ती. पाच नियमांमधला चौथा वाचकाचा वेळ वाचवण्याचा आहे आणि पाचवा ग्रंथालय ही वाढत राहणारी गोष्ट आहे असं मानण्याचा. माझ्या तेवीस नोंदींच्या मेनूनं हे दोन्ही मोडले होते. मॅडमचा वेळ गेला, आणि एक प्लगिन वाढल्याबरोबर सगळी घडी विस्कटली.

आता थोडं खोलात जाऊ, कारण खरी गंमत इथे आहे.

रंगनाथन यांचं म्हणणं असं की कुठलाही विषय पाच प्रकारच्या पैलूंत सोडवता येतो: मुख्य वस्तू कोणती, ती कशाची किंवा कोणत्या गुणाची, तिच्यावर क्रिया काय, कुठे आणि कधी. हे पैलू कोणत्या क्रमानं लावायचे यासाठी त्यांनी भिंत आणि चित्र अशी कसोटी दिली. चित्र टांगायला आधी भिंत लागते, म्हणून भिंत आधी, चित्र नंतर. आता हे घेऊन मॅडमच्या कामाकडे बघा. गणपतीच्या सुट्टीची सूचना मुख्य पानावर अमुक तारखेपर्यंत लावायची. वस्तू सूचना, क्रिया लावणं, जागा मुख्य पान, काळ ती तारीख. माझ्या पॅनेलमध्ये मजकूर पोस्टमध्ये लिहायचा, जागा विजेटमध्ये ठरवायची आणि तारीख सेटिंग्जमध्ये टाकायची. एका कामाचे तुकडे तीन दारांत. मॅडमच्या डोक्यात सूचना ही भिंत होती आणि मी त्यांना तीन वेगवेगळी चित्रं देऊन भिंत शोधायला पाठवत होतो.

हा दोष माझ्या एकट्याचा नाही. वर्डप्रेसमध्ये मुख्य पान कोणतं असावं हे वर्षानुवर्षं सेटिंग्जमधल्या रीडिंग या पानावर ठरवलं जातं. वाचण्याशी त्याचा काय संबंध? कोड लिहिणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर संबंध लागतो, नव्या माणसाच्या बाजूनं नाही.

दुसरी गोष्ट तीन पातळ्यांची. वर्गीकरणाचं काम तीन वेगळ्या पातळ्यांवर चालतं आणि त्यांची गल्लत करू नये, असं रंगनाथन बजावतात. कल्पनेची पातळी, शब्दांची पातळी आणि खुणांची, म्हणजे क्रमांकांची पातळी. यात राज्य कल्पनेचं. शब्द आणि खुणा तिच्या मागून चालणार. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः कपाळावर हात मारला. कारण वहीचा प्रकार बघितल्यावर मी पहिली दुरुस्ती काय केली होती? मेनू मराठीत केला. टॅक्सॉनॉमीचं वर्गीकरण केलं, विजेटला घटक म्हटलं. मॅडमची वही तशीच चालू राहिली, त्यात अजूनही आकडेच. बिघाड कल्पनेच्या पातळीवर होता आणि मी शब्द रंगवत बसलो होतो. शब्द मराठी हवेतच, पण चुकीच्या कप्प्यावर मराठी पाटी लावली की आत योग्य वस्तू येत नाही.

तिसरी गोष्ट शेजाराची. फळीवर तुमच्या विषयाचं पुस्तक मधोमध, दोन्ही बाजूंना जवळच्या विषयांची, आणि जसजसं लांब जाल तसतसं परकं, अशी मांडणी त्यांना हवी होती. मेनूतही हेच लागू होतं. माणूस चुकून एक नोंद वर किंवा खाली गेला, तर तिथे काहीतरी नात्यातलं सापडायला हवं. माझ्याकडे सूचनांच्या खाली बॅकअप होता.

१९४५ मध्ये त्यांनी मद्रास सोडलं. तिथल्या वरिष्ठांशी त्यांचं पटत नव्हतं. बनारस हिंदू विद्यापीठानं बोलावलं आणि तिथे दोन वर्षांत या माणसानं जवळजवळ एक लाख पुस्तकांचं वर्गीकरण स्वतः केलं. वय पन्नाशीच्या पुढे. मग दिल्ली विद्यापीठ, काही काळ झुरिक, मग उज्जैनचं विक्रम विद्यापीठ. १९४८ मध्ये मद्रासमध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा झाला, त्यामागे त्यांची वर्षानुवर्षांची खटपट होती. आपल्याकडे महाराष्ट्रात असा कायदा १९६७ मध्ये आला. आमच्या वाचनालयासारख्या संस्थांना सरकारी अनुदान मिळतं ते त्याच कायद्याखाली.

इथपर्यंत वाचून मी त्यांचा भक्तच झालो होतो. मग खुद्द त्यांच्या पद्धतीचा एक क्रमांक बघितला. वर म्हटलेल्या क्षयरोगाच्या पुस्तकाचा, पुस्तकांमध्ये नेहमी दिला जाणारा नमुना. रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी घालून तो साधारण असा दिसतो: एल,४५;४२१:६;२५३:एफ.४४'एन५. एल म्हणजे वैद्यक, ४५ फुप्फुसं, ४२१ क्षय, ६ उपचार, २५३ क्ष-किरण, एफ संशोधन, ४४ भारत, एन५ म्हणजे १९५० चं दशक. स्वल्पविराम, अर्धविराम, कोलन, टिंब आणि वरची खूण, प्रत्येकाचा अर्थ वेगळा. मशीनसाठी हे सुंदर आहे; एखादा प्रोग्रामर बघेल तर खूश होईल. पण सोळा वर्षांचा मुलगा पुस्तक जागेवर ठेवायला जाईल तेव्हा काय करेल? वाचकाचा वेळ वाचवायला निघालेल्या माणसानं वाचकाला न वाचता येणारी पाटी लिहिली.

वर आवृत्त्यांचा मुद्दा. १९५०, १९५२, १९५७, १९६० अशा आवृत्त्या येत गेल्या. १९५२ च्या आवृत्तीत तर एका कोलनच्या जागी वेगवेगळी चिन्हं आली. शास्त्र म्हणून सुधारणा बरोबरच होती. पण ज्यानं आधीच्या आवृत्तीप्रमाणे हजारो पुस्तकांच्या पाठीवर चिठ्ठ्या डकवल्या होत्या, त्या ग्रंथपालाचं काय? आपल्या जगातही हेच होतं. वर्डप्रेसनं मार्च २००८ मध्ये ॲडमिन नव्यानं मांडलं आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मेनू वरून उचलून डावीकडे आणला. दुसरी मांडणी वापरून बघणाऱ्या माणसांवर तपासून केली होती आणि ती टिकली, पण वर्षात दोनदा रस्ते बदलले हे खरंच. भारतातल्या बहुतेक ग्रंथालयांनी शेवटी ड्यूईलाच धरून ठेवलं. आमच्या कॉलेजातही पुस्तकांच्या पाठीवर ड्यूईचेच आकडे होते, फोटो रंगनाथन यांचा.

त्यांची कल्पना मात्र खूण सोडून पुढे गेली. १९५२ मध्ये लंडनमध्ये वर्गीकरणावर संशोधन करणारा एक गट तयार झाला आणि त्यांनी हे पैलूंचं विश्लेषण उचललं. आज ऑनलाइन दुकानात शर्ट शोधताना डावीकडे आपण कापड, रंग, माप आणि किंमत निवडत जातो, ती मांडणी याच जातीची आहे. कप्पा एक नाही, पैलू अनेक, आणि जोडणी गिऱ्हाईक करतं. तिथे क्रमांक दिसत नाही म्हणून ते चालतं. खूण मशीनकडे, शब्द माणसाकडे.

१९५६ मध्ये त्यांनी मद्रास विद्यापीठाला एक लाख रुपये दिले, ग्रंथालयशास्त्राच्या प्राध्यापकपदासाठी. पदाला नाव दिलं पत्नी शारदा यांचं. १९५७ मध्ये पद्मश्री मिळाली. १९६२ मध्ये बंगळुरूला दस्तऐवजांच्या संशोधनाचं केंद्र काढलं, १९६५ मध्ये राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगळुरूलाच ते गेले. मृत्यूनंतर पंधरा वर्षांनी, १९८७ मध्ये, कोलन वर्गीकरणाची सातवी आवृत्ती निघाली.

मी दिवाळीच्या सुट्टीत पुन्हा वाचनालयात गेलो. या वेळी लॅपटॉप उघडलाच नाही. दोन दुपारी काउंटरमागे नुसता बसून राहिलो आणि मॅडम दिवसभर कोणती कामं करतात ते लिहून काढलं. मग एकेक काम एका चिठ्ठीवर लिहिलं आणि त्या चिठ्ठ्या वाचनाच्या मोठ्या टेबलावर पसरल्या. मॅडम, शिपाईकाका आणि अभ्यासिकेत बसणारी एक मुलगी, तिघांना वेगवेगळं बसवून ढीग करायला सांगितले. वाचनालयाची वेळ मी सेटिंग्जमध्ये टाकली होती. तिघांनीही ती सुट्ट्यांच्या शेजारी ठेवली. एकानंही कुठल्या ढिगाला सेटिंग्ज असं नाव दिलं नाही.

तेवीसच्या सहा नोंदी झाल्या: सूचना आणि सुट्ट्या, पुस्तकं, सभासद, कार्यक्रम, वाचनालयाची माहिती, आणि सगळ्यात खाली तांत्रिक. तुम्हाला असंच करायचं असेल तर वर्डप्रेसमध्ये मेनूचा क्रम ठरवणारा मेनू_ऑर्डर नावाचा फिल्टर आहे. त्याच्याआधी कस्टम_मेनू_ऑर्डर चालू करावा लागतो. नव्या प्लगिनच्या नोंदी त्यातून खाली तांत्रिकच्या शेजारी ढकलता येतात, म्हणजे वरचं काही हलत नाही. मॅडमच्या लॉगिनला ज्या नोंदींची परवानगीच नको, त्या भूमिकेतूनच काढून टाका. नुसत्या लपवू नका, कारण लपवलेलं पान पत्ता टाकून उघडता येतं. तारीख, जागा आणि मजकूर हे तिन्ही आता सूचनेच्या एकाच फॉर्मवर आहेत.

एक चिठ्ठी मात्र अडली. उशिराचा दंड. मॅडमनी ती सभासदांच्या ढिगात टाकली, कारण दंड माणसाकडून घ्यायचा. शिपाईकाकांनी पुस्तकांच्या ढिगात, कारण दंड पुस्तकामुळे बसतो. दोघंही ऐकेनात. सध्या तो दोन्हीकडे ठेवलाय.